पुढे कोण आहे?

टोकियो ऑलिंपिकमधलं एक छायाचित्र मी पुन्हापुन्हा काढून बघते. तारीख २५ जुलै २०२१. फुजी पर्वताच्या परिसरात मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेला ट्रॅक, आणि तिथल्या अंतिम रेषेवर नारिंगी जर्सीतली ३८ वर्षांची डच सायकलपटू. दोन्ही हात हँडलवरून सुटलेले, वर गेलेले. ज्याला या खेळातलं ओ की ठो कळत नाही तोही सांगेल, ही बाई जिंकली आहे. तिचाही तोच समज होता. पण ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर सव्वा मिनिटापूर्वीच ती रेषा ओलांडून गेली होती.

आपल्याकडे तेव्हा रविवारची दुपार होती. आदल्या दिवशी मीराबाई चानूनं रौप्यपदक मिळवलं होतं, त्याच कौतुकात घरोघरी जेवणं चालली होती. ही शर्यत बघणारे थोडेच असतील. नंतर पुष्कळांनी पाहिलं ते हेच चित्र, आणि तेही हसण्यासाठी. मला त्यात हसण्यासारखं कधी दिसलं नाही. आनेमीक फान फ्ल्योटनच्या सगळ्या कारकिर्दीचं मर्म मला या चित्रात सापडतं. २०२३ साली ती निवृत्त झाली, आता ती कारकीर्द एखाद्या पुऱ्या झालेल्या कादंबरीसारखी हातात घेता येते. मी ती या मधल्या पानापासून उघडते.

शंभर मीटर धावणारीला डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळ्या दिसतात. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत तसं नसतं. रस्ता वळतो, डोंगराआड जातो, गावात शिरतो. शंभर-दीडशे किलोमीटरच्या वाटेवर कोण पुढे आहे आणि किती पुढे, हे डोळ्यांना कळत नाही, कुणीतरी सांगावं लागतं. एरवी संघाच्या मोटारीतून कानातल्या रेडिओवर ते कळतं. ऑलिंपिकमध्ये रेडिओला मनाई. मग उरते मोटारसायकलवरून दाखवली जाणारी अंतराची पाटी, आणि ज्याची त्याची मोजदाद.

त्या दिवशी झेंडा पडला तशा पाच जणी फुटून निघाल्या. त्यांच्यात जिंकेल असं वाटण्याजोगी कुणी नव्हती, म्हणून मुख्य घोळक्यानं त्यांना जाऊ दिलं. अंतर दहा मिनिटांच्या वर गेलं. पाचांच्या तीन झाल्या. शर्यत संपायला चाळीसेक किलोमीटर असताना कीझनहोफरनं बरोबरच्या दोघींनाही मागे टाकलं. अगदी शेवटी घोळक्यानं त्या दोघींना गाठलं आणि सगळ्या सापडल्या असं धरलं. वजाबाकीतून एक जण निसटली होती. ती कोण, तर गणितात डॉक्टरेट केलेली, त्या वेळी कुठल्याही व्यावसायिक संघाशी करार नसलेली संशोधक. तिच्या विजयाचं स्वतंत्र रसग्रहण व्हायला हवं. इथे तिला नमस्कार करून पुढे जाते.

नेदरलँड्सच्या संघात चौघी होत्या: मारिआना फॉस, आना फान देर ब्रेखन, डेमी फॉलरिंग आणि फान फ्ल्योटन. इतका भक्कम संघ दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि मोजण्यात तोच चुकला. शर्यत संपत आली तेव्हा फान फ्ल्योटननं जोर मारला, मागून कुणालाही तिच्या चाकाला लागता आलं नाही, आणि ती हात उंचावून आली.

आपल्या काव्यशास्त्रानं वीररसाचा स्थायीभाव सांगितला आहे तो उत्साह. क्रोध रौद्राकडे दिला, शोक करुणाकडे, आणि वीराला दिला उत्साह. शाळेत हे पाठ करताना मला ते फिकं वाटायचं. उत्साह हा शब्द आपण लग्नकार्याला, सहलीला वापरतो. रणांगणावर त्याचं काय काम? फान फ्ल्योटनच्या शर्यती बघता बघता तो शब्द मला उमगला. जे करायचं आहे त्याकडे आपण होऊन झेपावणं, तेही परिणाम हाती यायच्या आत. टोकियोतल्या त्या उंचावलेल्या हातांत शंभर टक्के खरा उत्साह आहे. ज्या कारणासाठी हात वर गेले ते कारण तेवढं खरं नव्हतं. उत्साह आणि फळ एकमेकांपासून इतके स्वच्छ वेगळे झालेले मी दुसऱ्या कुठल्याही खेळाच्या चित्रात पाहिलेले नाहीत.

आता मागे जाऊ.

तिचा जन्म १९८२चा, उट्रेख्टजवळच्या फ्ल्योटन गावातला. गाव आणि आडनाव एकच. फुटबॉल खेळायची. गुडघा दुखावला आणि सायकलवर आली. वाखेनिंगेन विद्यापीठात आधी पशुविज्ञान, मग साथरोगशास्त्र असं शिकून झालं, आणि पंचविशीच्या आसपास ती शर्यतींत उतरली. तिच्याहून साडेचार वर्षांनी लहान असलेली मारिआना फॉस तोवर जगज्जेती होऊन बसली होती, तीही वयाच्या १९व्या वर्षी. फॉसला सायकल बोलता यायच्या आधीपासून येत असावी असं तिच्याकडे बघून वाटतं. घोळक्यातून वाट काढणं, कुणाच्या चाकामागे राहायचं ते ओळखणं, वाऱ्याची दिशा अंगानं जाणणं, हे तिच्यात मुरलेलं आहे. फान फ्ल्योटनला हे सगळं मोठेपणी, परकी भाषा शिकावी तसं शिकावं लागलं. त्या भाषेतला तिचा उच्चार शेवटपर्यंत थोडा परका राहिला. घोळक्यात ती कधी घरच्यासारखी वाटली नाही. पुढे तिनं जी शैली घडवली, घोळकाच सोडून जायची, तिचं मूळ मला इथे दिसतं.

पण ते बरंच नंतर. सुरुवातीची वर्षं तिनं फॉसच्या संघात, बरीचशी फॉससाठी काढली. २०११ साली टूर ऑफ फ्लँडर्स ही बेल्जियममधली मानाची एकदिवसीय शर्यत तिनं जिंकली, तरी संघात पुढे कोण या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असायचं. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भर पावसात फॉसनं सुवर्ण जिंकलं, फान फ्ल्योटन १४वी आली. हा १४वा क्रमांक निकालपत्रात मुका आहे. सायकल शर्यतीत सहकारी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो वाचता येतो. दुसरीसाठी छातीवर वारा घ्यायचा, कारण मागे चालणारीची बरीच ताकद त्या आडोशानं वाचते. निसटलेल्यांचा पाठलाग करायचा. आपली मुख्य खेळाडू पुढे निघून गेली की मागच्या घोळक्यात बसून इतरांच्या पाठलागात खोडा घालायचा. हे काम करणारीला पुढे काय चाललं आहे हे नेमकं माहीत असावं लागतं, आणि तिथे आपण नसणार हेही.

रिओ, ७ ऑगस्ट २०१६. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. शेवटचा मोठा चढ व्हिस्टा चिनेझाचा. अमेरिकेची मारा ॲबट ही तेव्हाची नाणावलेली घाट चढणारी, आणि तिच्या बरोबरीनं माथ्यावर पोचली फान फ्ल्योटन. त्या उन्हाळ्यापर्यंत तिला कुणी घाटातली खेळाडू मानत नव्हतं. छोटे, तिखट चढ आणि घड्याळाविरुद्धच्या छोट्या शर्यती ही तिची ओळख. माथा ओलांडल्यावर झाडीतला वळणावळणाचा उतार लागला आणि तिनं ॲबटला मागे टाकलं. काही मिनिटं अशी होती की ऑलिंपिकच्या रस्त्यावर तिच्या पुढे कुणीही नव्हतं. आदल्याच दिवशी पुरुषांच्या शर्यतीत इटलीचा व्हिन्चेन्झो नीबाली आघाडीवर असताना याच उतारावर पडला होता. तीही एका वळणावर घसरली आणि रस्त्याकडेच्या दगडी कडेवर आदळून निपचित पडली.

मी तो प्रसंग बघितला तेव्हा ती गेली असं मला वाटलं. पुष्कळांना वाटलं. मेंदूला धक्का आणि कमरेच्या मणक्यांना तीन ठिकाणी तडे, हे नंतर कळलं. शर्यत तिला तिथेच ठेवून पुढे गेली. एकटी राहिलेली ॲबट रेषा दिसत असताना, शेवटच्या दीडएकशे मीटरवर गाठली गेली, आणि सुवर्ण मिळालं फान देर ब्रेखनला, म्हणजे फान फ्ल्योटनच्याच संघातल्या मैत्रिणीला. रौप्य स्वीडनच्या एमा योहान्सनला, कांस्य इटलीच्या एलिसा लोंगो बोर्गिनीला. ही लोंगो बोर्गिनी या कथेत आणखी एकदा यायची आहे.

त्या संध्याकाळच्या दोन घटनांत अंतर मिनिटांचं आहे. ३३व्या वर्षी एका खेळाडूला कळलं की आपण जगातल्या उत्तम घाटवालीबरोबर माथ्यावर जाऊ शकतो. आणि लगेच ती पडली. जगानं दुसरी घटना लक्षात ठेवली. तिनं पहिली ठेवली असावी, असं पुढची सात वर्षं बघून मला म्हणावंसं वाटतं. महिन्याभरात ती पुन्हा शर्यतीत होती आणि बेल्जियममधली अनेक दिवसांची एक शर्यत तिनं जिंकली. त्यानंतर ती दरवर्षी घाटाकडे जात राहिली, उंचावरच्या सराव-शिबिरांत लांबच लांब पल्ले मारत राहिली, संघातल्या पुरुषांबरोबर सराव करत राहिली. रिओच्या माथ्यावर तिला स्वतःबद्दलची एक बातमी मिळाली होती आणि तिचा पाठपुरावा चालू होता.

तिच्याबद्दल लिहिताना मोडलेल्या हाडांची यादी द्यायची एक पद्धत पडून गेली आहे. २०१८ची इन्सब्रुकची जागतिक स्पर्धा: शर्यतीत पडली, गुडघ्यापाशी हाड मोडलं, तशीच चालवत सातवी आली. २०२०: इटलीतल्या जिरोमध्ये आघाडीवर असताना मनगट मोडलं, आणि थोड्याच दिवसांनी इमोलाच्या जागतिक स्पर्धेत त्याच मनगटानं दुसरी आली. २०२१: स्त्रियांची पहिलीवहिली पॅरिस–रूबे, दगडी रस्ता, कटीचं हाड. यादी खरी आहे, पण मला ती वाचनाची आळशी रीत वाटते. सोसणं हा या खेळातल्या प्रत्येकीचाच धर्म आहे. वेदना, निराशा, लाज हे सगळे तिच्या कारकिर्दीतले संचारी भाव. येतात, रंग देतात, जातात. त्यांनाच स्थायी मानलं की तिच्या खेळातलं जे खास तिचं, ते हातातून सुटतं. प्लास्टर बघणाऱ्याला तिच्या पाठीची रेषा दिसत नाही. चढावर ती बसून, पाठ सपाट ठेवून, पाय झपझप फिरवत जाते, आणि तिच्या मागची एकेक बाई जशी गळते ते बघताना मला दर वेळी थरार जाणवतो.

त्या पायांचं एक छोटं पण निखळ उदाहरण म्हणजे १७ जुलै २०१८ची ला कूर्स. पुरुषांच्या टूर द फ्रान्सच्या जोडीला तेव्हा स्त्रियांना एवढी एक दिवसाची शर्यत मिळायची. आल्प्समधला कोलोंबिएर घाट उतरून ल ग्राँ-बोर्नांला शेवट. फान देर ब्रेखन पुढे निघून गेली होती आणि रस्ता चढता होता. इथे पुढे कोण हा प्रश्नच नव्हता, ती पाठमोरी स्पष्ट दिसत होती. एवढंसं अंतर राहिलं तरी ते तुटता तुटत नव्हतं. रेषेच्या अगदी तोंडाशी, मोजून काही मीटर उरलेले असताना फान फ्ल्योटन तिच्या बाजूनं निघून गेली. फान देर ब्रेखनला शेवटच्या क्षणापर्यंत बहुधा वाटलं असेल की आपण जिंकलो. या दोघी एकाच देशाच्या, वर्षानुवर्षं एकमेकींच्या आडव्या येत राहिल्या आणि राष्ट्रीय जर्सीत एकमेकींसाठी वाराही खात राहिल्या. या जोडीवर कुणीतरी नाटक लिहायला हवं.

आणि मग हॅरोगेट.

२८ सप्टेंबर २०१९, इंग्लंडचा यॉर्कशर परगणा, ब्रॅडफर्डहून हॅरोगेटला जाणारी १४९ किलोमीटरची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत. शर्यतीच्या पहिल्या एक-तृतीयांशातच लॉफ्टहाउसचा चढ लागतो. तिथे फान फ्ल्योटननं वेग वाढवला आणि माथ्यावर ती एकटी उरली. अजून १०५ किलोमीटर बाकी होते. इतक्या लांबून एकटीनं निघणं हा या खेळात वेडेपणा मानतात, कारण साधं आहे: मागच्या आठ-दहा जणी आळीपाळीनं वारा वाटून घेतात, आणि पुढे असलेली एकटी तो सगळा स्वतःच्या अंगावर घेते. गणित नेहमी मागच्यांच्या बाजूनं असतं.

पण मागे कोण होतं ते बघा. पाठलागाच्या गटात गतवर्षीची जगज्जेती फान देर ब्रेखन होती. ती संघातलीच, म्हणून ती एक पेडलही पाठलागासाठी मारणार नव्हती. इतरांच्या मागे बसून ती ताजी राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. रिओमध्ये फान फ्ल्योटनच्या पडण्यानंतर जिला सुवर्ण मिळालं, ती आता तिच्या पाठीशी, शब्दशः तिच्या मागच्या बाजूला, राखण करत होती. त्याच आठवड्यात टाइम ट्रायलमध्ये सगळ्यांना मिनिटभराहून जास्त अंतरानं हरवलेली अमेरिकेची क्लोई डायगर्ट नंतर एकटीच पाठलागाला निघाली. काही काळ अंतर कमी झालं, मग तीच थकली आणि चौथी आली.

जवळजवळ तीन तास ती एकटी होती. टीव्हीवर हे बघणं सोपं नाही हे मी कबूल करते. काहीच घडत नाही. एक बाई सायकल चालवते आहे, दगडी कुंपणांची हिरवी कुरणं मागे जाताहेत, पडद्याच्या कोपऱ्यात दीड-दोन मिनिटांचं अंतर पुढेमागे होतं आहे. पहिल्या अर्ध्या तासात मी दोनदा उठले. नंतर उठवेना. एखादा गवई षड्ज लावून बराच वेळ त्यातच राहतो, ऐकणारा अस्वस्थ होतो, आणि मग कधीतरी त्याला जाणवतं की हा स्थिर सूर आतून सतत हलतो आहे, तसं काहीसं झालं. तिच्या खांद्यांची ठेवण बदलत होती. सपाटीवर ती हँडलवर कोपरांनी जवळजवळ झोपायची, चढ आला की हात उघडायचे. वळणांवर मात्र ती सावध होती, जपून वळत होती, आणि प्रत्येक उतारावर माझ्या मनात व्हिस्टा चिनेझा येत होता. तिच्या मनात येत होता का, ते तिलाच माहीत.

रिओमधली काही मिनिटं तिच्यापुढे कुणी नव्हतं. ती मिनिटं हॅरोगेटला तीन तासांची झाली. कवी पहिल्या मसुद्यात एक ओळ लिहून थांबतो आणि तीन वर्षांनी त्या ओळीची पूर्ण कविता करतो, तसं मी हे वाचते. ती रेषेवर आली तेव्हा मागची फान देर ब्रेखन सव्वादोन मिनिटं दूर होती, ऑस्ट्रेलियाची अमांडा स्प्रॅट त्याहून थोडी मागे. इंद्रधनुषी पट्ट्यांची पांढरी जर्सी तिच्या अंगावर आली तेव्हा ३७वं वर्ष दहा दिवसांवर होतं.

तिच्या वर्चस्वाच्या काळावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला फेटाळता येत नाही. ती चढावर निघाली की शर्यत तिथेच संपायची. उत्कंठा मरायची. जिरो तिनं चारदा जिंकली, त्यातल्या कित्येक दिवसांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तेच ते सौंदर्यही कंटाळवाणं होतं. आणि एक जागा तर मला खटकतेच: मे २०२३ची स्पेनमधली व्हुएल्टा. आघाडीची लाल जर्सी घातलेली फॉलरिंग आणि तिच्या सहकारी लघवीसाठी थांबल्या असताना फान फ्ल्योटनच्या मोव्हीस्टार संघानं आडव्या वाऱ्यात वेग वाढवला आणि घोळका फुटला. संघाचं म्हणणं, तिथे जोर मारायचं आधीपासून ठरलं होतं. नियम कुठलाच मोडला नव्हता. पण शेवटी तिनं ती शर्यत जिंकली ती ९ सेकंदांनी, आणि ते ९ सेकंद कुठून आले हे बघणाऱ्याला ठाऊक होतं. जी बाई पुढच्यांना डोळ्यांसमोर ठेवून चढावर गाठायची, तिनं न बघणाऱ्यांना मागे टाकावं, हे तिच्या शैलीला शोभलं नाही असं माझं मत आहे.

टोकियोकडे पुन्हा येते, कारण त्या चित्रानंतरचे तीन दिवस क्वचितच सांगितले जातात. २८ जुलैला वैयक्तिक टाइम ट्रायल होती, २२.१ किलोमीटरची. या प्रकारात प्रत्येकीनं ठरावीक अंतरानं एकेकटं निघायचं आणि घड्याळाशी झुंजायचं. पुढे कोण आहे याला तिथे अर्थ नाही. घोळका नाही, वजाबाकी नाही, कुणी निसटत नाही. तिनं ३० मिनिटं १३ सेकंदांत अंतर कापलं. दुसऱ्या आलेल्या स्वित्झर्लंडच्या मार्लेन रॉयसरला ५६ सेकंद जास्त लागले. एवढ्या छोट्या अंतरात ५६ सेकंद म्हणजे दरीच. फान देर ब्रेखन तिसरी. तीन दिवसांपूर्वी जगभर जिच्या हातांची चेष्टा झाली तिनं सुवर्णपदक गळ्यात घातलं. याला लोक परतफेड म्हणतात. मला तो शब्द कमी वाटतो. परतफेडीत मागचा हिशेब असतो, आणि त्या अर्ध्या तासातली तिची सायकल मागचं काही वागवत असल्यासारखी दिसत नव्हती.

पुढच्या वर्षी, २०२२च्या जुलैत, स्त्रियांची टूर द फ्रान्स परत आली. १९८४ ते १९८९ या काळात ती पुरुषांच्या टूरबरोबर होत असे, मग नाव आणि रूप बदलत विझत गेली. आता आठ दिवसांची, टीव्हीवर दिसणारी खरीखुरी टूर आली तेव्हा फान फ्ल्योटन ३९ वर्षांची होती. स्त्रियांच्या सायकलिंगला जे मिळायला हवं होतं ते तिच्या पिढीला इतक्या उशिरा मिळालं. सर्वोच्च संघांतल्या स्त्रियांना किमान वेतनाची हमीसुद्धा २०२०मध्ये आली. त्या टूरच्या पहिल्या दिवसांत पोट बिघडून तिला अन्न जात नव्हतं, शर्यत सोडावी लागेल अशी अवस्था होती. ती घोळक्याच्या शेपटाशी राहून तग धरत गेली. सातव्या दिवशी व्होझ पर्वतातले तीन घाट होते: पेटी बालों, प्लात्झरवासेल, ग्राँ बालों. पहिल्याच घाटात तिनं आघाडी फोडली. फॉलरिंग काही काळ बरोबर राहिली, दुसऱ्या घाटात सुटली, आणि उरलेले ६० किलोमीटर पुन्हा तेच हॅरोगेट. ती साडेतीन मिनिटांच्या आसपास फरकानं आली. दुसऱ्या दिवशी सायकली बदलाव्या लागल्या, तरी आघाडीच्या पिवळ्या जर्सीत तोही टप्पा तिचाच.

पुढल्या जुलैत तूर्मालेच्या घाटात दाट धुकं होतं. फॉलरिंग, तिच्याहून चौदा वर्षांनी लहान, धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. या वेळी पुढे कोण आहे हे फान फ्ल्योटनला पक्कं माहीत होतं. त्या टूरमध्ये ती चौथी आली, आणि त्याच सप्टेंबरात स्वतःच्या देशातल्या शर्यतीनंतर थांबली. पुष्कळांना तो शेवट हुरहुर लावणारा वाटला. मला तो शांत वाटला. पण माझ्या वाचनात हे पुस्तक तिथे संपत नाही. एक प्रकरण मी मुद्दाम मागे ठेवलं होतं.

वुलनगाँग, ऑस्ट्रेलिया, सप्टेंबर २०२२. २१ तारखेला मिश्र संघांची घड्याळी शर्यत होती. सुरुवातीच्या मंचावरून उतरून काही सेकंद होतात न होतात तोच ती पडली आणि कोपराच्या हाडाला चीर गेली. २४ तारखेच्या मुख्य शर्यतीत तिला सीटवरून उठून पेडल मारणं जवळजवळ अशक्य होतं, कारण उठलं की हँडल ओढावं लागतं आणि ओढायला कोपर लागतं. चढ ही तिची ताकद, आणि तीच काढून घेतलेली. मग तिनं काय करायचं? लंडनला दहा वर्षांपूर्वी जे केलं तेच. फॉससाठी काम. वारा अडवणं, पाठलाग. वर्तुळ असं मागे वळलेलं मला फार सुंदर वाटतं.

१६४ किलोमीटर, शेवटाकडे पाऊस, शहरातल्या तीव्र चढाचे फेरे. शेवटच्या फेरीत पाच जणी सुटल्या: लिआन लिपर्ट, सेसिली उट्रुप लुडविग, कासिया नीविआदोमा, ॲशली मूलमन-पासिओ आणि एलिसा लोंगो बोर्गिनी. हो, तीच. रिओची आणि टोकियोचीही कांस्यपदक विजेती. फान फ्ल्योटन त्या चढावर मागे पडली. जी बाई कित्येक वर्षं चढावर सगळ्यांना मागे टाकत आली, तिला त्या दिवशी पुढच्या पाचही जणी उताराच्या वळणावर लहान होत जाताना दिसल्या असतील.

शेवटच्या किलोमीटरच्या सुमारास मागचा गट पुढच्या पाचांना मिळाला. अशा वेळी एक विचित्र शांतता येते. सगळ्या थकलेल्या, सगळ्या एकमेकींकडे बघतात, प्रत्येकीला वाटतं दुसरीनं सुरुवात करावी. त्या गटात वेगानं धावणाऱ्या होत्या, लोटे कोपेकी होती. फान फ्ल्योटन वेगवान खेळाडू कधीच नव्हती. शेवटच्या तीनशे मीटरांत ती त्यांच्यापुढे टिकली नसती, चांगलं कोपर असतं तरी. ती या सगळ्यांच्या मागून आली, मागून येण्याचा वेग तसाच ठेवून बाजूनं निघाली, बसूनच, आणि सहाएकशे मीटर उरलेले असताना पुढे झाली.

या कथेतला हा सर्वांत छोटा एकांत. १०५ किलोमीटरचा हॅरोगेटला, ६० किलोमीटरचा व्होझमध्ये, आणि इथे अर्ध्या किलोमीटरहून थोडा जास्त. पण अक्षर तेच. तेच सपाट पाठीचं, बसून, झपझप पायांचं लिखाण, ओळ तेवढी एकच. मी ते सहाशे मीटर पुन्हा बघते तेव्हा तिच्याकडे बघत नाही, मागच्यांकडे बघते. त्या एक क्षण थांबल्या. पुढे कोण गेलं हे त्यांना स्पष्ट दिसत होतं, नाव माहीत होतं, तिचं कोपर मोडलं आहे हेही माहीत होतं. म्हणूनच बहुधा तो एक क्षण गेला.

रेषा ओलांडताना काय वाटलं ते तिनं नंतर सांगितलं. मागून वेगवान मुली येतील आणि आपल्याला ओलांडून जातील, याचीच ती वाट बघत होती. त्या आल्या नाहीत. कोपेकी एका सेकंदानं मागे होती.